चार हुतात्मे, खैरलांजी आणि फाशीचा प्रश्न



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "सोलापूरच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असे संपादक मंडळाने मला सांगितले, तेव्हा माझ्या डोक्यात गिरण्यांचा इतिहास होता. जुनी मिल, तिचा भोंगा, पाळीला जाणारी आपली माणसे, असे चार पानांचे लिहूनही झाले होते. पण वर्षावासात एका रविवारी वंदना संपल्यावर एका मुलीने मला गाठले आणि गिरण्यांचा लेख बाजूला पडला. मुलगी आपल्याच गल्लीतली, कायद्याचे शिक्षण घेणारी. म्हणाली, "काका, तुमचं सगळं आयुष्य कोर्टात गेलं. बाबासाहेब फाशीच्या बाजूने होते की विरोधात?"

मी कोर्टात कारकून होतो, वकील नव्हे. पण विचारणाऱ्याला तो फरक दिसत नाही. मी ठोकून दिले, "घटना त्यांनी लिहिली, घटनेत फाशी आहे, म्हणजे बाजूनेच असणार." ती म्हणाली, "मला तर उलटं वाचल्यासारखं वाटतंय." आता आली का पंचाईत! घरी गेलो, चष्मा पुसला आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते हे लिखाण आहे. यात माझे काही मतही आलेले आहे. ते पटलेच पाहिजे असे नाही.

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो, कारण फाशी या शब्दाचा सोलापूरशी फार जुना संबंध आहे. "चार पुतळा" म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. पण ते चार पुतळे कुणाचे, असे आपल्या मुलांना विचारा. दोन नावे सांगतील, फार तर तीन. चारही नावे अशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी दिले गेले.

झाले असे. मे १९३० च्या सुरुवातीला मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. सोलापूर हे गिरणी कामगारांचे गाव, तापायला वेळ लागला नाही. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडे तोडायला गेले. दारूबंदीच्या चळवळीचा तो भाग होता. तिथे पोलिस आले, पकडापकडी झाली, आणि मग गोळीबार. शंकर शिवदारे नावाचा तरुण पडला. मग जमाव आवरेना. मंगळवार पेठेतली पोलिस चौकी जळाली, पोलिस मारले गेले, कोर्टाला आग लागली. जमाव कलेक्टरच्या अंगावर चालून जात असताना मल्लप्पा धनशेट्टींनीच लोकांना मागे सारले, असे या शहरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्यानंतर पोलिस शहरातून निघून गेले आणि दोन-तीन दिवस शहराचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. सोलापूरकर त्याला अभिमानाने "चार दिवसांचे स्वातंत्र्य" म्हणतात. १२ मेच्या रात्रीपासून लष्करी कायदा लागला तो ३० जूनपर्यंत.

माझी आजी त्या वेळी लहान होती. ती "मार्शल लॉ" हा शब्द "मार्सलला" असा म्हणायची आणि तो एखाद्या माणसाचे नाव असल्यासारखा वापरायची. "मार्सलला आला तवा टोपी घालायची सोय नव्हती, बाबा." गांधी टोपी घालणाराला सोजिर धरीत. आमच्या घरात गांधी टोपी कुणीच घालत नव्हते. पण आजोबांनी साधे मुंडासेसुद्धा काढून कोपऱ्यात ठेवले होते म्हणे, उगाच कुणाला काय वाटेल!

पोलिस चौकीवर पोलिसांना ठार मारल्याच्या आरोपावरून त्या चौघांवर खटला झाला आणि चौघांनाही मृत्युदंड झाला. अपिले झाली, अर्ज-विनंत्या झाल्या. उपयोग झाला नाही. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतला पोरगा. गिरणी कामगारांत काम करायचा, "गझनफर" नावाचे पत्र चालवायचा. चार घरांतली, वेगवेगळ्या समाजांतली चार माणसे एका सकाळी एकाच तुरुंगात संपली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मारले गेलेले पोलिससुद्धा कुणाची तरी मुले होती. त्यांचा पुतळा नाही, त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. असे लिहिले म्हणून कुणी रागावू नये. चौकीत माणसे मेली, हे खरे. त्या खुनाबद्दल ज्यांना लटकवले त्यांचा त्यात किती हात होता, याबद्दल शहराला तेव्हाही शंका होती आणि आजही आहे. पण कोर्टाच्या कागदावर ते चौघे खुनी होते. सोळा वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि तेच चौघे हुतात्मा झाले. निकाल फिरला, माणसे काही परत आली नाहीत. एखाद्याला वीस वर्षे कोंडून ठेवले असते तर १९४७ साली दार उघडता आले असते. हे मला आधी कधी सुचले नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर चार पुतळ्यांवरून जाताना सुचले.

त्या काळचा कायदाही समजून घ्या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद होती की ज्या गुन्ह्याला मृत्युदंड देता येतो, त्यात न्यायाधीशाने मृत्युदंड दिला नाही तर का दिला नाही याची कारणे लिहायची. फाशी दिली तर कारण लिहायची गरज नाही, सोडले तर खुलासा करायचा! एकूण काय, फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. ही तरतूद १९५५ च्या दुरुस्तीने काढली. १९७३ च्या नव्या संहितेने गाडी उलट्या दिशेला वळवली. आता फाशी द्यायची असेल तर "विशेष कारणे" लिहावी लागतात. पुढे १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे फाशी घटनेला धरून आहे की नाही हा प्रश्न आला. चार न्यायाधीशांनी फाशी कायम ठेवली, पण ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच द्यावी असे बंधन घातले. पाचवे न्यायमूर्ती भगवती मात्र वेगळे पडले. त्यांनी पुढे १९८२ साली आपली कारणे लिहून दिली. त्यातले एक कारण असे की हा दंड जवळजवळ नेहमी गरिबाच्याच वाट्याला येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेब काय म्हणाले?

चौघे फासावर गेले त्या दिवशी बाबासाहेब लंडनला होते. पहिल्या गोलमेज परिषदेचा तो शेवटचा आठवडा. अस्पृश्यांना राजकीय हक्क मिळावेत म्हणून ते तिथे भांडत होते. सोलापूरच्या फाशीवर ते त्या वेळी काही बोलल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून ते मी त्यांच्या तोंडी घालत नाही. आपल्याकडे व्यासपीठावर चढले की बाबासाहेबांच्या तोंडी काहीही घालायची सवय झाली आहे, ती बरी नव्हे.

ते बोलले ते १९४९ साली, ३ जूनला, घटना समितीत. चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चालू होती. काही सभासदांचे म्हणणे असे होते की ज्याला फाशी झाली आहे अशा प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असलाच पाहिजे. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, शेवटच्या कोर्टाने एकदा बघायला नको का? मुद्दा रास्त होता. बाबासाहेबांनी त्याला जे उत्तर दिले ते वाचून मी खुर्चीतून उठलो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की अपिलाचा हक्क सरसकट देत बसण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन, तोच योग्य मार्ग आहे. कारणही त्यांनी दिले. हा देश एकंदरीत अहिंसेचे तत्त्व मानणारा आहे. लोक ते प्रत्यक्ष पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात. तेव्हा या देशाने फाशी पूर्णपणे काढून टाकणे हेच उचित होईल.

ही तारीख ध्यानात ठेवा. गांधीजींचा खून होऊन दीड वर्षसुद्धा झाले नव्हते. मारणारे आपल्याच महाराष्ट्रातले. सारा देश संतापलेला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. गांधीजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, ती देऊ नये अशी विनंती केली होती, ती मान्य झाली नाही. अशा दिवसांत देशाचा कायदेमंत्री भर सभेत उठून फाशी रद्द करा म्हणतो, हे सोपे नव्हते. आणि हे त्यांनी धम्मदीक्षेच्या सात वर्षे आधी सांगितले.

मी मुलीला फोन केला. "तुझंच बरोबर निघालं." ती म्हणाली, "मग काका, आपण खैरलांजीला फाशी का मागितली?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्याआधी मी धम्माकडे गेलो, थोडा पळ काढण्यासाठीही असेल.

आपल्यात अनेकांचा समज असा की बौद्ध म्हणजे शिक्षाच नको, सगळ्यांना माफ. तसे नाही. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग दिला आहे. सेनापतीने तथागतांना विचारले, तुम्ही अहिंसा सांगता, मग गुन्हेगाराला मोकळे सोडावे काय? तथागतांचे उत्तर स्पष्ट आहे. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे आणि निरपराध्याला सोडलेच पाहिजे. शिक्षा देणाऱ्या न्यायाधिकाऱ्याला दोष लागत नाही, कारण शिक्षेचे मूळ गुन्हेगाराच्या कृत्यात आहे. त्याच ठिकाणी बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतला फरकही समजावला आहे. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, डोळे मिटून पाळायचा नियम म्हणून नाही. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी.

म्हणजे शिक्षा हवीच. प्रश्न एवढाच की जीव घेण्याची गरज आहे काय. पकडलेला, कोंडलेला, हातपाय बांधलेला माणूस, त्याच्यापासून आता कुणाला धोका उरला?

अंगुलिमालाची कथा आपण लहान मुलांना सांगतो. पण शेवट अर्धा सांगतो. दरोडेखोर भिक्खू झाला, राजा प्रसेनजित घोडदळ घेऊन पकडायला आला आणि भिक्खूला नमस्कार करून गेला, इथपर्यंत. पुढे काय झाले? तोच अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत. डोके फुटून रक्त गळत असताना तो तथागतांकडे परतला आणि तथागतांनी त्याला सांगितले, हे सहन कर. ज्यांची माणसे त्याने मारली होती त्यांचा राग तथागतांनी खोटा ठरवला नाही. मला हा भाग कथेत सर्वांत मोलाचा वाटतो.

आणि सम्राट अशोक. अशोकाने फाशी बंद केली असे भाषणांत ठोकून सांगितले जाते. तसे नाही हो. दिल्ली-टोपरा इत्यादी स्तंभांवरच्या चौथ्या लेखात अशोक एवढेच सांगतो की ज्यांना मृत्युदंड झाला आहे त्यांना तीन दिवसांची मुदत मी दिली आहे. त्या काळात नातेवाइकांनी त्यांच्या जिवासाठी खटपट करावी, नाहीतर त्यांनी दानधर्म, उपवास करून परलोकाची तयारी करावी. फक्त तीन दिवस! पण बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाने मारण्यापूर्वी थांबा म्हणणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

त्याहून आपल्या जवळचा लेख सन्नतीचा आहे. आपल्यातली बरीच कुटुंबे गाडी करून कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नतीला जाऊन आली आहेत, स्तूप पाहून आली आहेत. तिथल्या चंद्रलांबा देवस्थानाच्या आवारात काली मंदिराचे छत कोसळले, मूर्ती हलवली आणि तिच्या बैठकीचा दगड म्हणजे अशोकाचा शिलालेख निघाला. शेकडो वर्षे धम्माच्या अक्षरांवर मूर्ती उभी होती. त्या लेखांपैकी एक न्याय करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. ओडिशातल्या धौलीलाही तोच मजकूर आहे. कारण नसताना माणसे कैदेत पडतात, त्यांचा छळ होतो, असे अशोक आपल्याच अधिकाऱ्यांना बजावतो, आणि न्याय कशामुळे बिघडतो ते सांगतो: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस, थकवा. कोर्टात नोकरी केलेल्या माणसाने ही यादी वाचावी. त्यात नसलेले एकही कारण मला तीस-एकतीस वर्षांत दिसले नाही.

आता खैरलांजी.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी गावी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावच्या जमावाने मारले. आपल्याच धम्माचे, कष्टाने शेती करणारे, मुलांना शिकवणारे घर. वडील भैयालाल तेवढे वाचले. बातमी बाहेर यायला आणि पेपरात नीट छापायला किती दिवस लागले हे आपण विसरलेलो नाही. मग महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. मीही मोर्चात होतो. माझ्या हातात पुठ्ठ्याचा फलक होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: "नराधमांना फाशी द्या". कारकुनाचे वळणदार अक्षर, लांबूनही वाचता येत होते. त्या दिवशी ते मागताना माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. कुणी मला बाबासाहेबांचे ३ जूनचे भाषण वाचून दाखवले असते तर मी त्याला मोर्चातून बाहेर काढले असते.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाचा निकाल लागला. आठ जण दोषी. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. विहारात आनंद झाला, नाकारत नाही. पण निकाल पूर्ण वाचला तेव्हा जीव खाली बसला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागत नाही, असे न्यायालयाने ठरवले होते. म्हणजे हे जातीवरून झालेले हत्याकांड नव्हेच! १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली, आणि अत्याचाराचा कायदा तिथेही लागला नाही. सुडाचे प्रकरण ठरले.

आपण २०१० साली कशावर चिडलो? फाशी गेली यावर. घोषणा त्याच्याच झाल्या. पण खरी चीज त्याच्या आधीच, २००८ साली, फाशी मिळाली त्या दिवशीच हातातून गेली होती. त्या चौघांना ते बौद्ध होते, मान वर करून राहत होते म्हणून मारले, हे सरकारी कागदावर कुठेच आले नाही. दोराकडे डोळे लावून बसल्यामुळे हे आपल्याला दिसले नाही असे माझे मत झाले आहे. फाशी ठोठावली की सरकारचे, समाजाचे, गावाचे सगळ्यांचे कर्तव्य संपल्यासारखे होते. सहा माणसे लटकवली की बाकीचे गाव आपोआप स्वच्छ. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. शेवटपर्यंत ते न्याय मागत होते. त्यांना मी फाशी मागू नका असे म्हणू शकलो असतो का? नाही. त्यांनी मागायला हवीच होती. तो अंगुलिमालावरचा दगड होता. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही, माझ्या हातातल्या पुठ्ठ्याबद्दल आहे.

याला दुसरी बाजू आहे, ती सोलापूरकराने तरी विसरू नये. आपल्या शहरात "सेटलमेंट" नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. कैकाडी, पारधी, भाट, घंटीचोर असे शिक्के मारलेले लोक. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, कुंपण निघाले. माझ्या वर्गात एक मुलगा तिथला होता. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की गुरुजींच्या आधी पोरेच त्याचे दप्तर उलटे करीत. आम्हीही केले. आपल्यालाही शिवू देत नव्हते, तरी आम्ही केले.

त्या पेन्सिलीची आठवण मला २०१९ साली झाली. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका गरीब शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. भयंकर गुन्हा, ऐकून कुणाचेही रक्त उसळावे असा. सहा जण पकडले गेले, सगळे भटक्या जमातीतले मजूर. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. सर्वांत वरचे कोर्ट! त्याच्यापुढे कुठे जाणार? पण फेरविचाराचे अर्ज पुन्हा ऐकले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखले होते, ते पुढे आणलेच गेले नव्हते. आरोपी भटक्या जमातीचे, अतिशय गरीब, त्यामुळे त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच म्हटले. प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

२००९ नंतर कुणी घाई केली असती तर? हे सहा जण गेले असते आणि आपल्याला कधी कळलेही नसते. त्यांचे पुतळे कोण उभारणार होते?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या कैद्यांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१६ साली आला. त्यात ७६ टक्के कैदी मागास वर्गांतले आणि धार्मिक अल्पसंख्याक होते. सुमारे तीन चतुर्थांश आर्थिक दृष्ट्या दुबळे. न्यायमूर्ती भगवतींनी १९८२ मध्ये लिहिले ते आकड्यांत उतरले. तेव्हा आपण मोर्चात फाशी मागतो तेव्हा ती कुणाच्या दारात जाऊन उभी राहते, हेही बघायला हवे.

एक सोलापूरकर इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा. जन्म सोलापूरचा, पदवीपर्यंतचे शिक्षण इथलेच, सुरुवातीची काही वकिलीही आपल्या जिल्हा न्यायालयात केली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि नंतर विधी आयोगाचे अध्यक्ष. विधी आयोगाने १९६७ मध्ये पस्तिसाव्या अहवालात फाशी ठेवा असे सांगितले होते. शहांच्या आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६२ वा अहवाल दिला आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी आहेच. पण १९३० मध्ये जिथले कोर्ट पेटले त्या गावच्या माणसाने हे लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

कोर्टातली एकच आठवण सांगतो. मी एका न्यायाधीशांच्या हाताखाली असताना त्यांनी एका आरोपीला फाशी सुनावली. सही झाल्यावर त्यांनी पेनाचे टोक मोडले, तशी पद्धत आहे. दुपारी शिपाई त्यांचा डबा घेऊन आत गेला तो तसाच परत आला. सायंकाळी त्यांनी मला बोलावून विचारले, "त्याचं गाव कोणतं हो? कागदात बघून सांगा." निकालपत्रात गावाचे नाव पहिल्याच पानावर होते. त्यांनीच लिहिलेले. मी काढून दाखवले. ते बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले.

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले: आपण फाशी मागितली, कारण आपल्याला न्याय हवा होता आणि न्यायाला दुसरा शब्द आपल्याला माहीत नव्हता. ती म्हणाली, "हे उत्तर परीक्षेत चालणार नाही, काका." नाही चालणार.

विहाराच्या वाचनालयात महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा तेरावा खंड आहे, घटना समितीतल्या कामाचा. इंग्रजीत आहे आणि जाड आहे, म्हणून कुणी काढत नाही. ३ जून १९४९ चे पान मी शोधून कागदाची खूण घातली आहे. मुलीने त्या भाषणाचा मराठी तर्जुमा एका फुलस्केपवर स्वच्छ लिहून आत ठेवला आहे. रविवारी वंदनेनंतर कपाट उघडे असते. खंड घरी नेऊ नये, तिथेच बसून वाचावा, आणि खुणेचा कागद काढू नये ही विनंती.